मुंबईचा विमानतळ कोड अजून 'बीओएम'च का, आणि संभाजीनगरला 'आयएक्सयू' कुठून आलं?

शहराचं नाव 1995 साली बदललं तरी कोड का नाही बदलला, संभाजीनगरच्या कोडमध्ये 'आयएक्स' काय करतंय, आणि क्विझसाठी असे कोड लक्षात कसे ठेवायचे, असं तुम्ही विचारलंय. पहिल्याचं उत्तर नीट कळलं की बाकीचं बरंच सोपं जातं.

तिकिटावर आणि बॅगेच्या पट्टीवर दिसणारा तीन अक्षरी कोड आयाटा, म्हणजे विमान कंपन्यांची जागतिक संघटना देते. तिच्या ठराव क्रमांक 763 नुसार एकदा दिलेला कोड कायमचा मानला जातो. तो बदलायचा तर सबळ कारण लागतं, आणि तेही मुख्यतः उड्डाणाच्या सुरक्षिततेचं. शहराचं नामांतर त्यात बसत नाही. आपल्या रेल्वेने मुंबई सेंट्रल स्थानकाच्या बीसीटीचं एमएमसीटी आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या सीएसटीएमचं सीएसएमटी करून टाकलं, कारण ती सगळी यंत्रणा तिच्या एकटीच्या हातात आहे. बीओएम मात्र जगभरच्या कंपन्यांच्या आरक्षणात, भाड्याच्या तक्त्यांत आणि सामान वेगळं करणाऱ्या पट्ट्यांवर बसलेला आहे. म्हणून चेन्नई अजून मद्रासचं एमएए, कोलकाता सीसीयू, हो ची मिन्ह सिटी सायगावचं एसजीएन आणि सेंट पीटर्सबर्ग लेनिनग्राडचं एलईडी.

अपवाद आहेत, आणि क्विझसाठी खरा माल तिथेच आहे. न्यूयॉर्कचा आयडलवाइल्ड विमानतळ आयडीएल होता. केनेडींच्या हत्येनंतर, 1963 च्या डिसेंबरात, विमानतळाचं नाव बदललं आणि कोडही जेएफके झाला. त्याहून मजेदार प्रकरण कझाकस्तानच्या राजधानीचं. सोव्हिएत काळातल्या त्सेलिनोग्राड या नावावरून तिचा कोड टीएसई होता. शहराचं नाव पुढे अकमोला आणि मग अस्ताना झालं तरी तो हलला नाही. 2019 मध्ये शहर नूरसुलतान झालं आणि 2020 मध्ये कोड एनक्यूझेड झाला. 2022 मध्ये शहर पुन्हा अस्ताना झालं, कोड मात्र माजी राष्ट्राध्यक्ष नूरसुलतान नझरबायेव यांच्या नावाचाच राहिला, कारण विमानतळाला त्यांचंच नाव आहे.

आता एक गोष्ट बरेच जण चुकतात: कोड धावपट्टीला कायमचा चिकटलेला नसतो. 2008 मध्ये हैदराबादची प्रवासी वाहतूक शमशाबादला गेली तेव्हा एचवायडी तिच्याबरोबर गेला आणि जुन्या बेगमपेटला बीपीएम मिळाला. त्याच वर्षी बंगळुरूचा बीएलआरही देवनहळ्ळीला गेला. जुना विमानतळ चालूच राहणार असेल तर मात्र नव्याला नवा कोड घ्यावा लागतो. गोव्यात दाबोळी जीओआयच राहिला, मोपाला जीओएक्स मिळाला. मुंबईतही तेच झालं: सांताक्रूझ-अंधेरीचा बीओएम, उलव्याच्या नवी मुंबई विमानतळाचा एनएमआय. त्यामुळे मुंबईकरांना हे ज्ञान आता नुसत्या क्विझपुरतं उरलेलं नाही. तिकीट शोधताना 'मुंबई' टाकलं की दोन्हीकडची उड्डाणं एका यादीत येऊ शकतात. पैसे भरण्याआधी तीन अक्षरं वाचा, विशेषतः एक विमान उतरून दुसरं पकडायचं असेल तर. एकीकडे उतरून दुसरीकडून निघायचं म्हणजे मध्ये अख्खी खाडी. चेक-इनला बॅगेवर पट्टी लावतात तेव्हाही शेवटच्या मुक्कामाचा कोड मोठ्या अक्षरांत असतो. तो तिथेच बघून घ्यावा.

संभाजीनगरकडे येऊ. भारतातल्या बऱ्याच विमानतळांचे कोड 'आयएक्स'ने सुरू होतात आणि फक्त तिसरं अक्षर बदलतं: चंडीगड सी, जम्मू जे, लेह एल, मदुराई एम, रांची आर. इथवर सरळ आहे. पण ए आगरतळ्याकडे आहे आणि औरंगाबादकडे यू. बी बागडोगराकडे आणि बेळगावकडे जी. दोन्ही अक्षरं त्या त्या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये सापडतात, म्हणून निदान लक्षात राहतात. मंगळूरचा ई आणि पोर्ट ब्लेअरचा झेड मात्र सरळ पाठ करा.

या 'एक्स'चा अमेरिकेतल्या 'एक्स'शी संबंध लावू नका. तिकडे हवामान खात्याच्या केंद्रांना दोन अक्षरी कोड होते. तीन अक्षरं लागू लागली तेव्हा काही ठिकाणी शेवटी एक्स जोडून जागा भरली. लॉस एंजेलिसचा एलएएक्स आणि पोर्टलंडचा पीडीएक्स असे झाले. फिनिक्सचा पीएचएक्स मात्र याचा पुरावा म्हणून देऊ नये, त्या नावाच्या शेवटीच एक्स आहे.

कोडचा शहराशी काही मेळच लागत नसेल तर त्या जागेचं जुनं नाव शोधा. शिकागोचा ओआरडी म्हणजे ऑर्चर्ड फील्ड. 1949 मध्ये त्याचं ओ'हेअर झालं. ओरलँडोचा एमसीओ मॅककॉय हवाई तळावरून आला. सिनसिनाटीचा सीव्हीजी कोव्हिंग्टनवरून, कारण तो विमानतळ शहराच्या ओहायो राज्यात नाहीच, नदीपलीकडे केंटकीत आहे.

भूगोलाची आवड असेल तर माझ्या मते खरी मजा इकाओच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या नागरी विमान वाहतूक संघटनेच्या, चार अक्षरी कोडमध्ये आहे. हे कोड वैमानिक आणि हवाई नियंत्रक वापरतात, आणि त्यांत नकाशाच असतो. पहिलं अक्षर जगाचा विभाग सांगतं, आपला 'व्ही'. दुसरं अक्षर भारतात चार दिशांचं: पश्चिमेला ए, उत्तरेला आय, पूर्वेला ई, दक्षिणेला ओ. म्हणून मुंबई व्हीएबीबी, पुणे व्हीएपीओ, नागपूर व्हीएएनपी, जुहूची धावपट्टी व्हीएजेजे. नीट पाहिलंत तर बॉम्बे आणि पूना इथेही तसेच बसलेत. विभागाची रेघ मात्र राज्याच्या सीमेवरून जात नाही: जयपूर व्हीआयजेपी, म्हणजे उत्तरेत, आणि त्याच राजस्थानातलं उदयपूर व्हीएयूडी, आपल्याकडे. श्रीलंका, नेपाळ, बांगलादेशच नव्हे तर थायलंड आणि व्हिएतनामही 'व्ही'मध्ये आहेत; पाकिस्तान मात्र आखाती देशांबरोबर 'ओ'मध्ये, म्हणून कराची ओपीकेसी.

पाठांतर वर्णानुक्रमाने करू नका, दोन दिवसांत सगळं मिसळतं. जुनं शहर, जुना विमानतळ, आयएक्स आणि जागा भरणारा एक्स असे गठ्ठे करा, आणि फसव्या जोड्यांची वेगळी वही ठेवा. भूज बीएचजे, भावनगर बीएचयू. कॅलिफोर्नियाचं सॅन होजे एसजेसी, कोस्टा रिकाचं एसजेओ. ऑस्ट्रेलियाचं सिडनी एसवायडी, कॅनडाचं सिडनी वायक्यूवाय. या दोन सिडनींच्या घोळात माणसं खरोखर भलत्या खंडावर उतरली आहेत.

प्रश्न काढताना कोड आयाटाच्या संकेतस्थळावरच्या शोधात तपासा, आणि व्युत्पत्ती विचारण्याआधी ते जुनं नाव कोड मिळाला तेव्हा खरंच वापरात होतं का, ते साल जुळवून पाहा. या विषयातल्या बऱ्याच सुरस कथा कोड आधी आणि अर्थ मागून अशा तयार झालेल्या असतात. साल जुळत नसेल तर नुसतं 'हा कोड कुठला?' एवढंच विचारा.