घरी शिशाच्या गोळ्या ओतताना सुरकुत्या पडतात, आत पोकळी राहते. ओतण्यात काय चुकतंय?

तुम्ही लिहिलंय की पेनसिल्व्हेनियात राहता, नाताळानंतरच्या चकमकीच्या बंदुकीच्या हरणहंगामासाठी .५० इंच व्यासाच्या नळीची ठासणीची बंदूक घेतली आहे आणि ॲल्युमिनियमच्या दोन घरांच्या साच्यात .४९० इंचाच्या गोल गोळ्या पळीने ओतता. अर्ध्या गोळ्यांवर सुरकुत्या, काहींना स्प्रूखाली (साच्याच्या तोंडाशी गोठून राहणाऱ्या जास्तीच्या शिशाखाली) खड्डा. "हात थरथरतो म्हणून असेल का?" असं विचारलंय. नाही. तुमचा हात ठीक असावा, साचा थंड आहे. मीही याच राज्यात राहतो आणि याच जातीची बंदूक वापरतो. नव्या माणसांच्या बाबतीत दहातल्या आठ वेळा हेच निघतं.

आधी भारतातून वाचणाऱ्यांसाठी एक वाक्य. अमेरिकेत स्वतःच्या वापरापुरत्या गोळ्या ओतायला केंद्राचा परवाना लागत नाही, भारतात शस्त्र अधिनियम १९५९ खाली दारूगोळ्याचे भाग आणि तो बनवायची यंत्रंसुद्धा 'दारूगोळा' यातच मोडतात. तेव्हा कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीची बंदूक घरात असली म्हणून हे वाचून साचा मागवू नका.

आता मुद्द्याचं. ठासणीच्या बंदुकीला शुद्ध, मऊ शिसं लागतं, कारण गोळी कापडाच्या चिंधीसकट गजाने नळीत बसवायची असते. नखाने ओरखडा उठला तर शिसं कामाचं. पण शुद्ध शिशात कथील नसतं आणि कथिलाशिवाय शिसं साच्याच्या कानाकोपऱ्यात सहज शिरत नाही. काडतुसाच्या गोळ्या ओतणारे मिश्रधातू वापरतात, त्यांचे तापमानाचे आकडे तुम्हाला कमी पडतील. शिसं ३२७ अंश सेल्सियसला वितळतं, पण ओतायला भांड्यात ४०० ते ४२५ अंश हवेत, म्हणजे इथल्या थर्मामीटरवर ७५० ते ८०० फॅरनहाइट. थर्मामीटर नसेल तर आधी तो घ्या, बाकीचं सामान नंतर.

भांडं गरम असून भागत नाही. थंड साच्यात शिसं भिंतीला टेकताक्षणी गोठतं, मागून येणारं त्याच्यावर चढतं, आणि त्या दोन थरांची शिवण म्हणजे तुमची सुरकुती. शिसं वितळत असताना साचा भांड्याच्या काठावर किंवा हॉटप्लेटवर ठेवून तापवा. पळीसुद्धा शिशात बुडवून ठेवा, गार पळी प्रत्येक ओतीची ऊब खाते. साचा नवा असेल तर कारखान्यातलं तेल भांडी घासायच्या साबणाने आणि गरम पाण्याने काढून पूर्ण कोरडा करा. साचा तापूनही सुरकुत्या जात नसतील तर उरलेल्या तेलावर संशय घ्या.

पळी वर तरंगणाऱ्या मळाच्या थराखालून, खोलातून भरा आणि काठोकाठ भरा. गोळी साडेअकरा ग्रॅमची, मग पळीभर शिसं कशाला, असं वाटतं; पण जास्तीचं शिसं म्हणजे जास्तीची उष्णता, आणि मागून येणारा दाबही. ओतायच्या दोन रीती आहेत. एकीत साचा आडवा धरून पळीची चोच स्प्रू प्लेटच्या (साच्यावरच्या, जास्तीचं शिसं कापणाऱ्या सरकत्या पट्टीच्या) भोकाला टेकवायची आणि दोन्ही मिळून उभं करायचं, म्हणजे पळीतल्या शिशाचं वजन थेट आत दाबतं. लांबट, जड गोळ्यांना ही उत्तम. दुसरीत साचा सरळ धरून बोटभर उंचीवरून एकसलग धार सोडायची. गोल गोळीला आणि ॲल्युमिनियमच्या साच्याला मला ही बरी वाटते, कारण चोच घट्ट दाबली की हवेला बाहेर पडायला फक्त साच्याच्या दोन ठोकळ्यांच्या मिटणाऱ्या बाजूंवरच्या बारीक रेघा उरतात. धार कुठेही तुटू देऊ नका. तुटली की तिथे थर बसलाच.

घर भरलं की थांबायचं नाही, आणि बहुतेक नवे लोक नेमके तिथेच थांबतात. गोठताना शिसं सुमारे साडेतीन टक्के आक्रसतं. ती तूट भरून काढायला वरून शिसं मिळालं नाही तर गोळी स्वतःच्या पोटातूनच ते घेते: आत पोकळी, नाहीतर स्प्रूखाली खड्डा. म्हणून प्लेटवर आठ-दहा मिलिमीटर रुंदीचं भरघोस ढेकूळ राहू द्या. नीट पाहिलंत तर त्या ढेकळाच्या माथ्यावर क्षणभराने खळी पडते. गोळीने तिच्या वाट्याचं शिसं ओढून घेतलं, असं समजा. खळी दिसलीच नाही तर ढेकूळ फार लहान किंवा फार गार होतं.

ढेकळाची चकाकी जाऊन ते मंद दिसू लागलं की आणखी चार-पाच सेकंद थांबा, मग लाकडी हातोडीने प्लेट सरकवा. घाईने कापलंत तर प्लेटखाली शिसं फासलं जातं किंवा गोळीतून तुकडा उपटून येतो. खड्ड्याचं हे दुसरं कारण. गोळी साच्यातून सुटत नसेल तर हँडलच्या बिजागरीवर टकटक करा, ठोकळ्यांना कधीही मारू नका. मऊ शिशाला चटकन खोचा पडतात, म्हणून खाली दुमडलेला जुना टॉवेल ठेवा. कापलेले स्प्रू लगेच भांड्यात टाकायचा मोह होतो, पण शिंतोडे उडतात आणि भांडं गार होतं. डब्यात साठवा.

ही सगळी खरं म्हणजे लयीची बाब आहे. साच्याला स्वतःचा थर्मोस्टॅट नसतो, तुमचा वेगच त्याचं तापमान ठरवतो. सुरकुत्या दिसल्या की वेग वाढवा. गोळी पांढुरकी, दव पडल्यासारखी दिसायला लागली की साचा जास्त तापलाय, तेव्हा दोन ओतींमध्ये तो थोडा वेळ उघडा धरा. पांढुरकी गोळी वाईट नसते, तिला घाबरू नका. पहिल्या पंधरा-वीस गोळ्या परत वितळवायच्या असंच धरून चाला. प्रत्येक गोळी उचलून उजेडात न्याहाळत बसलात तर तेवढ्यात साचा गार.

कौशल्याची फार धास्ती घेऊ नका. ९ जुलै १७७६ ला न्यू यॉर्कच्या बोलिंग ग्रीनमध्ये लोकांनी इंग्लंडच्या राजाचा, तिसऱ्या जॉर्जचा, सोन्याचा मुलामा दिलेला शिशाचा पुतळा पाडला. त्याचं बरंचसं शिसं कनेटिकटमधल्या लिचफिल्डला नेलं आणि तिथे ऑलिव्हर वोलकॉट या पुढाऱ्याच्या घरी त्याच्या मुलामुलींनी आणि शेजारच्या बायकांनी मिळून ४२,०८८ गोळ्या ओतल्या. थर्मामीटर कोणाकडे होता? (फिलाडेल्फियात १८०८ चा स्पार्क्स शॉट टॉवर, म्हणजे छर्रे बनवायचा मनोरा, अजून उभा आहे, जमल्यास बघा. तिथे वरून चाळणीतून शिसं सोडत, थेंब पडता पडता गोल होत आणि खालच्या पाण्यात गार होत. पण ते छर्ऱ्यांना चालतं, तुमच्या मापाच्या गोळीला साचाच लागतो.)

तिथलं पाणी बघून तुमच्या भांड्याजवळ मात्र पाण्याचा थेंब येऊ देऊ नका. ओला तुकडा वितळलेल्या शिशाखाली गेला की वाफेचा स्फोट होतो आणि अख्खं भांडं अंगावर येतं. नवं शिसं काठावर तापवून कोरडं करूनच आत सोडा. फेसशील्ड, चामड्याचे हातमोजे, पूर्ण बाह्या, बंद बूट. हवा खेळती हवी, पण तुमच्या तोंडाकडून भांड्याकडे वाहणारी. लोक धुराला घाबरतात, पण शिसं १,७४९ अंशांना उकळतं, तुम्ही त्याच्या जवळपासही नाही. जास्त धोका वर जमणाऱ्या राखाडी मळाच्या धुळीचा. वाटाण्याएवढं मेण टाकून ढवळलंत की बरंचसं शिसं खाली परत जातं (मेण पेट घेतं, दचकू नका), उरलेला मळ हलक्या हाताने काढून झाकणाच्या डब्यात भरा आणि घातक कचऱ्याच्या केंद्रावर द्या. स्वयंपाकघरात हे काम करायचं नाही, तिथली भांडी वापरायची नाहीत. काम संपल्यावर हात-तोंड धुवा, कपडे वेगळे धुवा. घरात लहान मूल असेल तर हे दुप्पट कसोशीने. मुलांच्या रक्तात डेसिलिटरला ३.५ मायक्रोग्रॅम शिसं आढळलं तरी इथली सीडीसी (सरकारी रोगनियंत्रण संस्था) लक्ष द्यायला सांगते.

तुम्ही जुन्या बॅटऱ्यांबद्दल विचारलंय. त्यांना हातही लावू नका, त्यांच्या पत्र्यांतून आर्सेनिकचा विषारी वायू सुटू शकतो. चाकाची वजनंही नकोत: ती कडक असतात, आणि हल्लीच्या कित्येकांत जस्त असतं, ते शिशात मिसळलं की अख्खा घाणा साच्यात नीट भरत नाही. छपराचा किंवा एक्स-रे खोलीचा जुना शिशाचा पत्रा भंगारवाल्याकडे मिळतो, तो चांगला.

गार झाल्यावर गोळ्या तोला. .४९० ची शुद्ध शिशाची गोळी १७७ ग्रेनच्या (म्हणजे त्याच साडेअकरा ग्रॅमच्या) आसपास भरते. बाकीच्यांपेक्षा एक-दीड ग्रेनने हलकी निघाली तर आत पोकळी आहे. जड निघाली तर साचा नीट मिटला नव्हता, ठोकळ्यांच्या मध्ये शिशाचा कण अडकलाय का बघा. दोन्ही परत भांड्यात. चांगल्या गोळ्यांवर कापल्याची सपाट खूण राहतेच, ती घासत बसू नका. भरताना ती खूण वर, बरोबर मधोमध ठेवून गजाने गोळी खाली न्या.