टार्गेट-इन्सेंटिव्हवाल्या जॉबमध्ये बायका स्पर्धेत मागे का पडतात?

मागे पडतात असं नाहीये, बऱ्याचदा त्या उतरतच नाहीत. 2007 साली निडरले आणि वेस्टरलुंड या दोन अर्थशास्त्रज्ञ बाईंचा अमेरिकेतला प्रयोग छापून आला, पाच मिनिटांत दोन आकडी संख्यांच्या बेरजा करायच्या आणि पैसे कसे घ्यायचे ते आपणच ठरवायचं, दर बरोबर बेरजेला 50 सेंट की चौघांत पहिला येणाऱ्यालाच दर बेरजेला 2 डॉलर आणि बाकीच्यांना शून्य. बेरजा दोघांच्या साधारण सारख्याच, पण स्पर्धा निवडली 73 टक्के पुरुषांनी आणि 35 टक्के बायकांनी!! हुशार बायकापण मागे सरल्या आणि कच्चे पुरुष उगाच घुसले.

आणि हे उपजत असतं म्हणणाऱ्यांनी मेघालयातले खासी लोक बघा, तिथे वंश आईकडून चालतो, तिथे अशाच प्रयोगात बायकांनीच पुरुषांपेक्षा जास्त स्पर्धा निवडली.

आमच्या अंधेरीच्या सेल्स टीममध्ये महिनाअखेरीला रात्री नऊपर्यंत थांबून टार्गेट क्लोज करेल तो टॉपर, आणि जिला विरार लोकल पकडून घरी जाऊन कुकर लावायचाय तिने आधीच फिक्स पगारवाला रोल मागून घेतलेला असतो, मग मॅनेजर म्हणतो हिला भूकच नाही. हे ऐकून खरंच संताप होतो. माझ्या मते सगळा बोनस एकट्या टॉपरला देण्यापेक्षा दर सेलमागे कमिशन द्या, आणि सेल मोजा, थांबलेले तास नको.