"मला फरक पडत नाही, बाकीच्यांना पडतो"

प्रश्न : ताई, मी मास कम्युनिकेशनच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टला विषय घेतलाय, टीव्हीवरच्या टॉक शोबद्दल कॉलेजच्या मुलांना काय वाटतं. चाळीस फॉर्म भरून घेतले आणि जवळजवळ सगळ्यांनी एकच लिहिलंय, सगळं स्क्रिप्टेड असतं, आम्ही टाइमपास म्हणून बघतो, आमच्यावर परिणाम होत नाही, पण साध्या लोकांवर होतो. आता यात लिहू काय? विषय बदलू का?

उत्तर : अजिबात बदलू नकोस. ते शेवटचं वाक्य आहे ना, "पण साध्या लोकांवर होतो", तोच तुझा प्रोजेक्ट आहे. डेव्हिसन या अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी 1983 साली यालाच थर्ड पर्सन इफेक्ट म्हटलं, म्हणजे मीडियाचा परिणाम आपल्यापेक्षा दुसऱ्यावर जास्त होतो असं माणसाला वाटतं. आणि मीडिया शिकणारी मुलं तर हे आणखी ठामपणे बोलणार, कारण आपल्याला आतलं कळतं असं त्यांना वाटत असतं.

दुसरं म्हणजे, तू फॉर्ममध्ये नुसतं "टॉक शो" लिहिलंस का? मग कुणाच्या डोळ्यासमोर रात्रीचा सेलिब्रिटी गप्पांचा कार्यक्रम आला असेल तर कुणाच्या घरातली भांडणं स्टेजवर आणणारा. अमेरिकेतच बघ, होस्ट डोनाह्यू 1967 पासून माइक घेऊन प्रेक्षकांत जायचा, ओप्राचा शो 1986 ते 2011 चालला, स्प्रिंगरच्या शोमध्ये खुर्च्या उडायच्या, हे सगळं एकाच नावाखाली येतं. प्रकार सांगून विचार.

"स्क्रिप्टेड" या शब्दावर मात्र जरा थांब, मला तो फार खटकतो. कोण कुठे बसणार, कधी टाळ्या, कधी ब्रेक, हे ठरलेलं असतं, मान्य, पण समोरच्या माणसाला बसलेला धक्का ठरलेला नसतो. 1995 साली जेनी जोन्स शो या अमेरिकन टॉक शोच्या शूटिंगमध्ये एका पाहुण्याला अचानक कळलं की आपल्यावर प्रेम करणारा माणूस म्हणजे ओळखीतलाच एक पुरुष आहे, आणि तीन दिवसांनी त्याने त्या माणसाचा गोळी घालून खून केला. सगळं खोटंच आहे म्हटलं की आपण जे हसत बघतो त्याची जबाबदारी वाटत नाही, असं मला तरी वाटतं.

म्हणून फॉर्म बाजूला ठेव आणि चार-पाच जणांना बसवून दहा मिनिटांची क्लिप दाखव. स्क्रीनकडे बघू नकोस, त्यांच्याकडे बघ. पाहुणीचा आवाज अडकतो, कॅमेरा लगेच प्रेक्षकांतल्या एका ओल्या डोळ्यांच्या बाईवर जातो, तेव्हा मोबाइल कोण खाली ठेवतं, कोण मध्येच बोलून जातं "अगं बोल ना त्याला!" हे लिहून घे. स्क्रिप्टेड म्हणणारी मुलंच बोलतील बघ.

आणि "परिणाम होतो का" असं थेट विचारूच नकोस, आकडा विचार. 100 जोडप्यांपैकी किती जण एकमेकांना फसवत असतील? डेव्हिस आणि मॅरेस यांच्या 1998 च्या अभ्यासात असे शो बघणारी शाळकरी मुलं अशा गोष्टींचं प्रमाण प्रत्यक्षापेक्षा जास्त सांगत होती, पण म्हणून त्यांची मनं बोथट झालेली दिसली नाहीत. जास्त बघणारे आणि कमी बघणारे यांचे आकडे शेजारी शेजारी ठेव.

ते चाळीस फॉर्म फेकू नकोस हं, क्लिप त्यांच्यातल्याच काही जणांना दाखव.