गाव सोडणारे आणि गावी परतणारे

प्रश्न : मी 23 वर्षांची असून वेंगुर्ल्याजवळच्या गावात राहते. मराठी चित्रपटांतील तरुण प्रेमासाठी घर सोडतात. आमच्याकडे मुलगे बारावी होताच पोटासाठी मुंबई गाठतात. मग या चित्रपटांत आम्ही स्वतःला कोठे शोधायचे?
— एक वाचक, सिंधुदुर्ग

उत्तर : तुमचे निरीक्षण अचूक आहे. 'सैराट' (2016) म्हटले की पळून जाणेच आठवते; परंतु नागराज मंजुळे यांनी आर्ची आणि परश्याला पुढे हैदराबादच्या झोपडपट्टीत नेले आहे, जेथे दोघांना भाषेपासून चुलीपर्यंत सारेच नव्याने शिकावे लागते, आणि हा भाग गाण्यांच्या धुंदीत अनेकांच्या लक्षात राहिला नाही. गावात बुलेट चालवणारी आर्ची तेथे कारखान्यात कामाला जाते. मला तरी ती खऱ्या अर्थाने तेथेच भेटते.

कोकणात मात्र घर सोडणे हे बंड नव्हे. गिरण्यांच्या काळापासून चाकरमान्यांच्या मनिऑर्डरवर आपली घरे चालली, त्यामुळे आपला पेच जाण्यात नसून परतण्यात आहे. शहरात घडवलेले आयुष्य गणपतीला गावी आल्यावर बॅगेतच राहते. आरतीनंतर पंगतीत वाढता वाढता काकू विचारते, "लगीन कधी करतलंस?" आणि मुलगा पानातल्या भाताकडे पाहत बसतो.

हाच पेच रोहन कानवडे यांच्या 'साबर बोंडं'मध्ये आहे. या चित्रपटाला 2025 मध्ये सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागाचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. वडिलांच्या निधनानंतरचे दहा दिवस पाळण्यासाठी मुंबईहून आलेल्या आनंदला नातेवाईक लग्नावरून टोकत राहतात, आणि बालमित्र बाळ्याच्या सहवासात मात्र त्याचा जीव हलका होतो. दोन पुरुषांच्या प्रेमाची ही गोष्ट घाटावरची असली, तरी सुतकातले ते घर तुम्हाला परके वाटणार नाही. आईला मुलाचे सत्य ठाऊक आहे; झाकायचे आहे ते भाऊबंदांपासून.

तुम्ही स्वतः गावातच राहता, म्हणून जयंत सोमलकर यांचा 'स्थळ' आधी पाहा. विदर्भातली सविता शिकू पाहते आणि प्रत्येक पाहुण्यासमोर तिला नाव, उंची, शिक्षण ही तीच उत्तरे द्यावी लागतात. चित्रपटाच्या आरंभी तिला पडलेल्या स्वप्नात समोर मुलगा बसला आहे आणि प्रश्न विचारणाऱ्या साऱ्या बायका आहेत. ते दृश्य चुकवू नका.