लिमिटच्या वर कार्ड चाललंच कसं?

प्रश्न : ताई, मी कणकवलीजवळच्या एका गावात राहतो. चतुर्थीला चाकरमानी येणार म्हणून कार्डावर फ्रिज घेतला, मग किराणा, गणपतीवर बांधायच्या माटवीचं सामान असं करत ५०,००० च्या लिमिटमधले ४६,००० संपले होते. शेवटचं ६,२०० चं बिल दिलं तेव्हाही मशीनवर कार्ड चाललं, म्हणून मला काही कळलंच नाही. आता स्टेटमेंटमध्ये ओव्हरलिमिट चार्ज ५५० आणि वर जीएसटी ९९ लावलाय. कर्ज देताना बघतात तो सिबिल स्कोअर पण बिघडेल का?

उत्तर : भाऊ, बँकेचा हिशोब असा की तुम्ही २,२०० वर गेलात, त्याचे अडीच टक्के म्हणजे ५५ रुपयेच होतात, पण बऱ्याच बँका किमान रक्कम ठेवतात आणि तुमच्या बँकेची ती ५५० दिसतेय, त्यावर १८ टक्के जीएसटी. थोडंसंच वर गेलेल्या माणसालाच हे जास्त लागतं, आणि मला ते अजिबात पटत नाही.

पण खरा मुद्दा वेगळाच आहे. तुम्ही ओव्हरलिमिटला, म्हणजे लिमिटच्या वर खर्च करू देण्याच्या सोयीला, हो म्हटलं होतं का? रिझर्व्ह बँकेचा २०२२ पासून नियम आहे, ग्राहकाची स्पष्ट संमती नसेल तर लिमिट ओलांडू द्यायचीच नाही आणि चार्जही लावायचा नाही. म्हणजे तुमचं कार्ड दुकानातच डिक्लाइन व्हायला हवं होतं. तेव्हा बँकेला ईमेल करा, फोनवर भागवू नका, संमती कधी आणि कशी घेतली त्याची नोंद मागा, नसेल तर ६४९ रुपये परत करा म्हणून लिहा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फी नाही.

तोवर बिल मात्र थांबवू नका, कृपा करून पूर्ण भरा, चार्जसकट, तो नंतर परत मिळवता येईल. नुसता मिनिमम ड्यू, म्हणजे बिलावरची किमान रक्कम, भरलात तर उरलेल्यावर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज, वर्षाचे चाळीसच्या वर, आणि ते खरेदीच्या तारखेपासून, शिवाय नवीन खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत.

सिबिलचं म्हणाल तर लिमिट जवळजवळ पूर्ण वापरली की स्कोअर थोडा उतरतो, बाकी फेडली की सावरतो. तारीख चुकली तर मात्र ती नोंद बरीच वर्षं राहते.

आणि आजच ॲपमध्ये कार्ड सेटिंग उघडून ओव्हरलिमिट बंद करा. दिवाळीला परत मोठी खरेदी असेल तर स्टेटमेंटची वाट न बघता आधीच थोडे पैसे भरा, तेवढी लिमिट मोकळी होते.