ट्रायपॉड घेण्याआधी बॅगेचं माप घे

ट्रेकला न्यायचा ट्रायपॉड किती वजनाचा असावा, एवढंच तू विचारलंस, पण मी आधी बॅगेचं माप घ्यायला सांगेन. हरिहर किल्ल्याच्या कातळात खोदलेल्या उभ्या पायऱ्यांवर दोन्ही हात मोकळे लागतात. बॅगेबाहेर लोंबकळणारा ट्रायपॉड तिथे खडकाला अडकतो, तोल जातो. म्हणून पाय उलटे, हेडच्या (कॅमेरा बसतो त्या वरच्या भागाच्या) बाजूला दुमडणारा घे. मिटल्यावर 40 सेंटिमीटरच्या आसपास भरला की बॅगेत नीट बसतो.

कार्बन फायबर हलकं, पण महाग. तुझ्या मिररलेस कॅमेऱ्याला आणि त्याच्यासोबत आलेल्या किट लेन्सला दीड किलोच्या आतला चांगला अ‍ॅल्युमिनियमचा पुरेल. वाचलेले पैसे बॉल हेडवर, म्हणजे गोळ्यावर हवं तसं फिरणाऱ्या हेडवर घाल. दुकानात आपलाच कॅमेरा लावून बघ: लेन्स पूर्ण झूम कर, हेड आवळ आणि हात सोड. फ्रेम जराही खाली घसरली तर तो ट्रायपॉड नको. कॅमेऱ्याच्या तळाला लावायची प्लेट आर्का-स्विस या सर्रास चालणाऱ्या मापाची असावी, पुढे हेड बदललं तरी चालते.

पाच टप्प्यांचे पाय मिटून लहान होतात खरे, पण शेवटची नळी काडीसारखी बारीक असते. माझं मत चार टप्प्यांना. मधला दांडा शक्यतो वर काढूच नकोस. गंगापूर धरणाच्या काठावर वारा सुटला की दांड्याखालच्या हुकाला बॅग अडकव, मात्र ती जमिनीला किंचित टेकू दे, नाहीतर झोके घेते आणि फोटो हलतो.

गोदाघाटावर ट्रायपॉडचे पाय पाण्यात ठेवलेस तर घरी आल्यावर पायांचे लॉक उघडून, पुसून, वाळवूनच मिट. वाळू आत राहिली की लॉक फिरवताना करकर सुरू होते.