छातीतली कळ आणि हातांची थरथर : वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरे

प्रश्न : माझ्या थोरल्या भावाला हार्ट अ‍ॅटॅक आला. लगेच अँजिओप्लास्टी होऊन स्टेंट बसला आणि दुसऱ्या दिवशी तो आमच्याशी अगदी नीट बोलला. तिसऱ्या रात्री मात्र तो भिंतीवर मुंग्या दिसतात म्हणू लागला, पलंगावरून उतरू लागला आणि त्याने हातातली सुई उपटून टाकली. दाखल करताना डॉक्टरांनी ‘दारू घेतात का?’ असे विचारले, तेव्हा आम्ही ‘कधीतरी’ असे सांगितले होते. खरे तर तो गेली बारा-तेरा वर्षे रोज पितो. हृदयविकारात असा भ्रम होतो का? आमच्या खोटे बोलण्यामुळे काही बिघडले का?

उत्तर : आपण वर्णन केलेला प्रकार हृदयविकारापेक्षा दारू एकाएकी तुटल्यामुळे होणाऱ्या त्रासाशी, म्हणजे आम्ही ज्याला विथड्रॉवल म्हणतो त्याच्याशी, जास्त जुळतो. रोज दारू पोचणाऱ्या मेंदूत शांतवणारी रसायने कमी आणि चेतवणारी रसायने जास्त, अशी जुळवाजुळव हळूहळू झालेली असते. दारू चालू आहे तोवर तराजू सरळ दिसतो. ती थांबली की चेतवणारे पारडे एकदम जड होते. शेवटच्या पेल्यानंतर साधारण ६ ते २४ तासांत थरथर, घाम, मळमळ आणि निद्रानाश सुरू होतो. फिट यायची असेल तर ती बहुधा ६ ते ४८ तासांत येते. आणि डिलिरियम ट्रेमेन्स, म्हणजे जागेचे व वेळेचे भान जाणे, नसलेल्या वस्तू दिसणे, ताप आणि सुसाट नाडी, हा सगळ्यांत गंभीर प्रकार ४८ ते ९६ तासांच्या दरम्यान दिसतो. आपल्या भावाची तिसरी रात्र या हिशेबात चपखल बसते. हे घड्याळ रुग्णालयात दाखल झाल्यापासून नव्हे, शेवटच्या पेल्यापासून सुरू होते.

हृदयाच्या दृष्टीने ही वेळ वाईट असते. स्नायूचा काही भाग नुकताच रक्ताविना राहिलेला असतो आणि त्याला विश्रांती हवी असते. नेमके त्याच वेळी शरीरात अ‍ॅड्रिनलिनचा पूर येतो, नाडी आणि रक्तदाब चढतो, हृदयाची प्राणवायूची मागणी वाढते. दीर्घकाळ पिणाऱ्यांच्या रक्तात पोटॅशियम आणि मॅग्नेशियम बहुधा कमी असते, त्यामुळे हृदयाची लय बिघडण्याचा धोकाही वाढतो. स्टेंटनंतर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून औषधे चालू असतात, आणि अशा वेळी रुग्ण पडला, फिटमध्ये डोके आपटले किंवा मांडीतल्या रोहिणीतली नळी त्याने ओढली, तर रक्तस्राव सहज थांबत नाही.

आता दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर. होय, बिघडले असण्याची शक्यता आहे. रुग्णाला भ्रम झाला की डॉक्टरांना मेंदूतला रक्तस्राव, प्राणवायूची कमतरता, जंतुसंसर्ग, रक्तातली साखर उतरणे ही सगळी कारणे तपासावीच लागतात. दारूची माहिती असती तरी ती तपासली असती, पण पहिल्या दिवसापासून लक्ष ठेवून औषध वेळेवर सुरू करता आले असते. तरीही हा दोष केवळ आपला मानू नका. चार नातेवाईक उभे असताना ‘दारू घेतात का?’ असे विचारले, तर ‘कधीतरी’ हेच उत्तर मिळते, आणि हे आम्हा डॉक्टरांना इतक्या वर्षांत कळायला हवे होते. ‘शेवटचा पेला किती वाजता घेतला?’ असे एकट्याला, हलक्या आवाजात विचारले तर उत्तर बहुधा खरे येते. ‘पूर्वी सोडली तेव्हा फिट आली होती का, भ्रम झाला होता का?’ हा त्यापुढचा प्रश्न. उत्तर ‘होय’ आले, तर या खेपेलाही तसेच होण्याचा धोका बराच वाढतो.

प्रश्न : मी परिचर्येची विद्यार्थिनी आहे. दारू सुटलेल्या रुग्णाला ठरावीक कोष्टकानुसार गुण द्यायचे आणि गुण वाढले की औषध द्यायचे, असे आम्हाला शिकवतात. हृदयविभागात हे कोष्टक तितकेच विश्वासार्ह असते का?

उत्तर : प्रश्न मार्मिक आहे. आपण जे कोष्टक म्हणता ते बहुधा १९८९ साली सुधारून मांडलेले ‘सीवा-एआर’ असावे. त्यात दहा बाबी आहेत आणि गुणांची कमाल बेरीज ६७ आहे. रुग्णाला दोन्ही हात पुढे करून बोटे फाकवायला सांगायचे आणि थरथर पाहायची. थरथर डोळ्यांना दिसली नाही तरी त्याच्या बोटांच्या टोकांना आपली बोटे लावली की ती जाणवते, आणि त्यालाही एक गुण आहे. कोष्टक करणाऱ्यांनी किती बारकाईने पाहिले होते, हे त्यावरून कळते.

पण बाकीच्या बाबी पाहा : मळमळ, घाम, घाबरेपणा, बेचैनी. हीच हार्ट अ‍ॅटॅकचीही लक्षणे आहेत. रात्री दोन वाजता स्टेंटच्या रुग्णाला दरदरून घाम सुटला आणि गुण १६ झाले, तर ती दारूची हाक आहे की स्टेंटमध्ये गुठळी झाल्याची, हे कोष्टक सांगू शकत नाही. म्हणून या रुग्णांत आधी ईसीजी काढावा, गरज पडल्यास ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली का हे दाखवणारी रक्ततपासणी, पुन्हा पाठवावी, आणि मगच गुणांवर विश्वास ठेवावा. किंबहुना ईसीजीला उशीर होईल असे कोणतेही कोष्टक त्या क्षणी बाजूला ठेवलेले बरे. उलट बाजूनेही फसगत होते. अ‍ॅटॅकनंतर अनेकांना नाडी मंद करणारा बीटा-ब्लॉकर दिलेला असतो, त्यामुळे नाडी शांत दिसते आणि ‘याला काही त्रास नाही’ असा समज होतो. सीवा-एआरमध्ये नाडी आणि रक्तदाब हे घटक मुळात नाहीतच, हे या बाबतीत सोयीचे ठरते.

आणखी एक मर्यादा आहे. दहांपैकी बऱ्याच बाबी रुग्णाला विचारून भराव्या लागतात. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी २००८ साली असे १२४ रुग्ण तपासले, ज्यांना या पद्धतीने उपचार सुरू झाले होते. अलीकडे दारू प्यायलेला असणे आणि बोलून उत्तर देता येणे, या दोन्ही अटी त्यांपैकी केवळ ४८ टक्के रुग्णच पूर्ण करत होते. म्हणजे निम्म्याहून अधिक रुग्णांसाठी हे साधनच चुकीचे होते. श्वासनलिकेत नळी असलेल्या किंवा भान हरपलेल्या रुग्णासाठी बेचैनी आणि गुंगी मोजणारी वेगळी मापने आहेत, ती शिकून घ्या.

प्रश्न : त्रास दारू तुटल्यामुळेच होतो, तर रुग्णालयात थोडी दारूच का देत नाहीत?

उत्तर : पूर्वी देत असत, शिरेतून दारू देण्याचे प्रयोगही झाले आहेत. परंतु मात्रा सांभाळणे अवघड, परिणाम अल्पकाळ टिकणारा, आणि दुखावलेल्या हृदयाच्या स्नायूवर व लयीवर दारूचा स्वतःचा दुष्परिणाम होतो तो वेगळाच. मेंदूतल्या त्याच शांतवणाऱ्या यंत्रणेवर काम करणारी, मोजून-मापून देता येणारी बेन्झोडायझेपिन गटातली औषधे हाताशी असताना दारू देण्याला आधार उरत नाही.

प्रश्न : या औषधांवर नीट संशोधन झाले आहे का? विशेषतः हार्ट अ‍ॅटॅक आणि दारू सुटणे एकाच वेळी असलेल्या रुग्णांवर?

उत्तर : पहिल्या भागाचे उत्तर समाधानकारक आहे, दुसऱ्याचे नाही.

फिट आणि भ्रम हे कुपोषणामुळे होतात की दारू थांबल्यामुळे, यावर एकेकाळी वाद होता. १९५५ साली हॅरिस इस्बेल आणि सहकाऱ्यांनी केंटकीतल्या लेक्झिंग्टन येथे, पूर्वी अमली पदार्थांचे व्यसन असलेल्या दहा जणांना सकस आहार देत आठवडेच्या आठवडे दारू पाजली आणि मग ती एकदम बंद केली. सर्वांत जास्त काळ, म्हणजे ४८ ते ८७ दिवस, प्यायलेल्यांपैकी काहींना फिट आल्या, काहींना भ्रम झाला. वाद मिटला, पण आज कोणतीही नैतिक समिती असा प्रयोग होऊ देणार नाही, आणि ते योग्यच आहे. १९६९ साली अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत ५३७ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे गट पाडून बेन्झोडायझेपिन गटातल्या क्लोरडायझेपॉक्साइडची तुलना इतर औषधांशी आणि प्लासिबोशी, म्हणजे औषधासारख्या दिसणाऱ्या निर्गुण गोळीशी, करण्यात आली. क्लोरडायझेपॉक्साइडच्या गटात फिट आणि डिलिरियम सर्वांत कमी आढळले. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या आणखी एका चाचणीत, दारूमुळे एकदा फिट येऊन गेलेल्या १८६ रुग्णांपैकी काहींना शिरेतून त्याच गटातले लोराझेपाम दिले. त्यांच्यापैकी ३ टक्क्यांना पुन्हा फिट आली, तर प्लासिबो मिळालेल्यांत हे प्रमाण २४ टक्के होते. इतका स्पष्ट फरक वैद्यकात फार वेळा पाहायला मिळत नाही.

औषध ठरावीक वेळी द्यावे की लक्षणे पाहून, यावर १९९४ साली १०१ रुग्णांची चाचणी झाली. लक्षणे पाहून औषध दिलेल्या गटात उपचाराचा मध्यम कालावधी ९ तास होता, ठरावीक वेळापत्रकाच्या गटात ६८ तास. औषधही अनुक्रमे १०० आणि ४२५ मिलिग्रॅम लागले. आज रुग्णालयांत जी पद्धत रूढ आहे तिचा पाया हा आहे. पण या चाचणीत पूर्वी फिट येऊन गेलेल्यांना घेतलेच नव्हते.

हृदयाच्या बाजूचे संशोधन तर अवाढव्य आहे. १९८८ सालच्या आयसिस-२ चाचणीत १७,१८७ रुग्ण होते, आणि महिनाभराच्या अ‍ॅस्पिरिनने पाच आठवड्यांतले हृदय व रक्तवाहिन्यांमुळे होणारे मृत्यू सुमारे २३ टक्क्यांनी कमी झाले. चाचणी लहान असेल तर आपण कसे फसतो, हेही याच क्षेत्राने शिकवले. १९९२ साली २,३१६ रुग्णांच्या लिमिट-२ चाचणीत असे दिसले की अ‍ॅटॅकमध्ये शिरेतून मॅग्नेशियम दिल्यास मृत्यू कमी होतात, सगळे हरखले. १९९५ साली ५८,०५० रुग्णांच्या आयसिस-४ मध्ये हा फायदा नाहीसा झाला. हे इथे मुद्दाम सांगतो, कारण दारू सुटलेल्या रुग्णालाही मॅग्नेशियम दिले जाते. ते रक्तातली कमतरता भरून काढण्यासाठी असते, हृदय वाचवणारे औषध म्हणून नव्हे. ही सरमिसळ वॉर्डात मी अजूनही ऐकतो.

आता अडचण कुठे आहे? औषधाचा परिणाम स्वच्छ दिसावा म्हणून दारूवरच्या चाचण्या गंभीर शारीरिक आजार असलेल्यांना सहसा वगळतात. पुढचे कित्येक महिने तपासणीला येतील आणि गोळ्या नियमित घेतील याची खात्री हवी म्हणून हृदयाच्या चाचण्या अनेकदा व्यसनी रुग्णांना वगळतात. दोन्ही कारणे समजण्यासारखी आहेत. मात्र दोन्ही आजार एकदम घेऊन आलेला रुग्ण दोन्हींच्या यादीतून गळतो, आणि त्याच्या उशाशी उभा राहिलेला डॉक्टर दोन वेगवेगळ्या माणसांवर सिद्ध झालेले उपचार एकाच माणसावर जुळवत असतो. दाखल रुग्णांच्या नोंदी मागाहून चाळणारे अभ्यास होतात. पण त्यांत यकृत, मूत्रपिंड, धूम्रपान असे सगळे घटक एकमेकांत गुंतलेले असतात, त्यामुळे कारण कोणते आणि सोबत कोणाची हे वेगळे काढता येत नाही.

जुळवताना काही गोष्टी मात्र पक्क्या धरता येतात. बीटा-ब्लॉकर थरथर आणि नाडी कमी करतो, पण फिट आणि डिलिरियम रोखण्याचे काम बेन्झोडायझेपिनचेच आहे, त्यामुळे एक दिले म्हणून दुसरे टाळता येत नाही. डेक्समेडेटोमिडिन या गुंगीच्या औषधाने रुग्ण शांत होतो. तथापि तेही फिट रोखत नाही, आणि त्याने नाडी व रक्तदाब खाली येऊ शकतो, जे अशक्त हृदयाला परवडत नाही. भ्रमासाठी हॅलोपेरिडॉल द्यायचे तर ईसीजीतला क्यूटी कालावधी (तो लांबला तर हृदयाची लय बिघडू शकते) पाहूनच द्यावे. रक्त गोठू न देणारी औषधे चालू असताना स्नायूत इंजेक्शन देणे टाळावे, कारण तिथे रक्त साकळते. ग्लुकोजच्या आधी किंवा सोबत थायमिन (जीवनसत्त्व ब-१) द्यायचे, हा नियम तर दोन्ही आजारांपेक्षा जुना वाटावा इतका सर्वमान्य आहे.

प्रश्न : वडिलांना भ्रम झालेला असताना एका चाचणीसाठी मुलगा म्हणून माझी सही मागितली. मी द्यायला हवी होती का?

उत्तर : रुग्णाला समजून संमती देता येत नसेल, तर नियमांनुसार जवळच्या नातेवाइकाची संमती घेता येते. संशोधनाला नैतिक समितीची मंजुरी आहे का, नकार दिल्यास नेहमीचे उपचार तसेच चालू राहतील का, आणि भान आल्यावर स्वतः वडिलांना पुन्हा विचारले जाईल का, एवढे तीन प्रश्न विचारून उत्तरे समाधानकारक वाटली तर सही करण्यात काही गैर नाही. वडील शुद्धीवर येऊन ‘मला नको’ म्हणाले, तर त्यांना तेव्हाही बाहेर पडता येते.

प्रश्न : यजमानांना अ‍ॅटॅक येऊन गेला आहे. घरी आल्यावर त्यांनी पुन्हा प्यायला सुरुवात केली. कुणीतरी दारू सोडवणारी गोळी त्यांच्या नकळत जेवणात कालवून द्यायला सांगितले आहे. देऊ का?

उत्तर : कृपा करून देऊ नका. अशा गोळ्यांत बहुधा डायसल्फिराम असते. ते पोटात असताना दारू प्यायली तर शरीरात अ‍ॅसिटाल्डिहाइड साचते, चेहरा लाल होतो, उलट्या होतात, हृदय धडधडते आणि रक्तदाब कोसळतो. धडधाकट माणसालाही हे झेपत नाही; हृदयविकार असलेल्याच्या जिवावर बेतू शकते. म्हणूनच गंभीर हृदयविकारात हे औषध वर्ज्य आहे, आणि रुग्णाला न सांगता ते कोणालाही देऊ नये असा स्पष्ट दंडक आहे. नाल्ट्रेक्सोन आणि अ‍ॅकॅम्प्रोसेट ही त्या मानाने सोसणारी औषधे आहेत. मात्र पहिले देण्याआधी यकृत आणि दुसरे देण्याआधी मूत्रपिंड तपासावे लागते, शिवाय नाल्ट्रेक्सोन चालू असेल तर छातीत दुखू लागल्यावर मॉर्फिनसारखे वेदनाशामक नीट काम करत नाही, ही गोष्ट त्यांच्या कागदपत्रांवर ठळक लिहिलेली हवी.

स्टेंटनंतर रक्ताची गुठळी रोखणाऱ्या ज्या दोन गोळ्या दिल्या आहेत, त्या ते प्यायले असतील त्या दिवशीही चुकवू नका. दारू आणि या गोळ्या एकत्र आल्यावर जठरातून रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो हे खरे. शौचाला काळे झाले किंवा रक्ताची उलटी झाली तर लगेच रुग्णालय गाठा. पण गोळ्या मनानेच बंद केल्या तर स्टेंट बुजू शकतो. आणि दारू सोडायचे त्यांनी मनावर घेतले, तर ती घरच्या घरी एका रात्रीत सोडू देऊ नका. आधी डॉक्टरांना भेटा आणि रोज किती आणि शेवटची कधी, हे दोन आकडे खरे सांगा.